मैदान, बॅनर आणि टँकर

(जिल्हा मेळाव्यात झालेले भाषण. शब्दांकन कार्यकर्त्यांचे.)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही, ज्वारीवरही नाही. आज खेळावर बोलायचे आहे. कोणी म्हणेल, बोंडअळी सोडून हे कबड्डीवर कुठे घसरले? पण मागच्या बैठकीत पाच-सहा गावांच्या पोरांनी एकच प्रश्न विचारला. पाण्यापायी गावाला स्पर्धा रद्द करावी लागली, तर स्पॉन्सरच्या पैशाचे काय होते? प्रश्न खेळाचा दिसतो, पण आहे सौद्याचा. आणि सौदा कळल्याशिवाय शेतकऱ्याची सुटका नाही.

आधी एका गावाची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यात आमचीही चूक आहे.

फेब्रुवारी २०१६. शिवजयंतीला तीन दिवसांची कबड्डी ठरली होती. ३२ संघ, संघाचे १२ गडी, म्हणजे पावणेचारशेच्या वर पोरे. बघायला पंचक्रोशी. एका बियाणे कंपनीने १ लाख रुपये कबूल केले. त्यातले २० हजार आगाऊ दिले, बाकीचे स्पर्धेच्या दिवशी द्यायचे. बदल्यात मैदानाच्या चारी बाजूंना बॅनर, टी-शर्टवर नाव, आणि शेवटच्या दिवशी बक्षिसाआधी तासभर शेतकरी मेळावा. कंपनीचा माणूस आमच्या कृषी महाविद्यालयातला, आमच्या मागच्या वर्षाचा. पोरांनी विचारले, काही लिहून घ्यायचे का? आम्ही म्हणालो, ओळखीचा माणूस आहे, शब्द आहे, कागद कशाला?

पोरे कामाला लागली. मांडवाला १० हजार इसार. टी-शर्ट २४ हजारांचे, छापून घरी आले. लाइट-स्पीकरला ६ हजार, पोस्टर-पावत्यांना ६ हजार. एकूण ४६ हजार.

जानेवारीच्या शेवटी गावचा बोअर आटला. दिवसाआड एक टँकर सुरू झाला. आता हिशेब करा. मैदान भिजवायचे, रोलर फिरवायचा, गड्यांची जेवणे, हजारो माणसांचे पिणे. तीन दिवस रोज दोन टँकर तरी लागणार. ग्रामसभेत एक म्हातारी उठून म्हणाली, "पोरांनो, तुम्ही माती भिजवाल, आमच्या हंड्यात काय पडंल?" त्याच्यावर कोणी बोलले नाही. स्पर्धा रद्द झाली. ठराव एकमताचा होता.

पोरे कंपनीच्या माणसाकडे गेली. त्यांना वाटले, दुष्काळ आहे, समजून घेतील. तो म्हणाला, "मेळावा नाही, तर बजेट नाही." टी-शर्टवर तुमचेच नाव छापले आहे, असे पोरांनी सांगितले. तो म्हणाला, "रद्द तुम्ही केले, आम्ही नाही." आठ दिवसांनी आगाऊ दिलेले २० हजारही परत मागितले. खजिनदार पोरगा तीन एकरांचा धनी. त्याने दोन शेळ्या विकल्या, बाकीचे हातउसने केले. नंतर दोन वर्षे तो गावच्या कोणत्याही कामात पुढे आला नाही. पैशापेक्षा हे नुकसान मोठे होते.

मग आम्ही विचार करू लागलो. हा एकाच कंपनीचा कोतेपणा, की प्रायोजक सगळीकडे असेच वागतात? गावाबाहेरची तीन उदाहरणे तपासली. मोठी आहेत, पण मोठ्यांच्या सौद्यात लहानांचा सौदा उघडा दिसतो.

पहिले उदाहरण त्याच उन्हाळ्याचे, तुम्हां सगळ्यांना आठवणारे. लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच दिवसांत आयपीएलचे सामने मुंबई, पुणे, नागपूरला होते, आणि खेळपट्ट्यांना लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालू होती. मुंबई आणि पुणे हे दोन संघ मुख्यमंत्र्यांच्या निधीला प्रत्येकी ५ कोटी द्यायला तयार आहेत, असे क्रिकेट मंडळाने न्यायालयात सांगितले. न्यायालयाने १३ एप्रिलला आदेश दिला, ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मुंबईची अंतिम लढत बंगळूरला झाली.

त्यात प्रायोजकांचे काय गेले? सामना बंगळूरला झाला तरी टीव्हीवर तोच दिसला, पाटीही तीच दिसली. स्पर्धा हलली, तसा बॅनर हलला. ज्याचा खेळ दुसरीकडे नेता येतो, त्याचा प्रायोजक टिकतो. आपला गाव उचलून नेता येत नाही. कंपनीने विकत घेतलेली माणसे याच गावची, याच मैदानावर जमणारी. ती जमली नाहीत, तर तिच्या हिशेबाने माल मिळालाच नाही.

हे नीट समजून घ्या. प्रायोजक खेळाला पैसे देत नाही, गर्दीला देतो. आपण कापूस विकतो तसे गाव आपले डोळे विकते. त्यात लाज काही नाही. पण डोळे विकतो आहोत हे ठाऊक नसेल, तर भाव ठरवता येत नाही आणि अटीही घालता येत नाहीत. तो देणगी देतो आणि आपण घेतो, असे आपण धरून चालतो. मग वेळ आली की हात जोडून उभे राहतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, न्यूयॉर्क शहराचे. तिथे १९७० पासून मॅरेथॉन होते, २६ मैलांची दौड. शहराच्या पाचही भागांतून जाते आणि सगळा गाव रस्त्यावर उतरतो. आपल्याकडे जत्रा, तशी त्यांची ही दौड. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी नावाचे चक्रीवादळ शहरावर आले. समुद्र घरांत शिरला, वीज गेली, माणसे मेली. दौड ४ नोव्हेंबरला होती, आणि ती जिथून सुटते तो स्टेटन आयलंडचा भाग सर्वांत जास्त मार खाल्लेल्यांपैकी. महापौर ब्लूमबर्ग म्हणाले, दौड होणार. लोक चिडले. अंधारात बसलेल्यांनी पाहिले की दौडीच्या मांडवासाठी सेंट्रल पार्कात मोठमोठी जनरेटर लावली आहेत. दौड दोन दिवसांवर आली असताना, २ नोव्हेंबरला, ती रद्द झाली. सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

आता पैशाकडे बघा. मुख्य प्रायोजक आयएनजी, हॉलंडची वित्त कंपनी. दौड होणार असे चालू होते तेव्हाच आयोजकांनी वादळग्रस्तांसाठी निधी जाहीर केला होता. आयोजक संस्थेचे १० लाख डॉलर, या दौडीला जुन्या काळापासून हात देणाऱ्या रुडिन कुटुंबाचे ११ लाख, आणि आयएनजीच्या प्रतिष्ठानचे ५ लाख. लोकांनी तरीही विचारले, देणगी ठीक, पण जनरेटर कुठे आहेत? पाणी कुठे आहे? ज्या दिवशी जे हवे, ते त्या दिवशी चेकने भागत नाही. दौड रद्द झाल्यावर तिच्यासाठी आणलेले पाणी, खाणे, पांघरुणे मदतीला गेली. रविवारी शेकडो धावपटू पाठीवर सामान घेऊन स्टेटन आयलंडला पोचले.

आणि ज्यांनी नावनोंदणीचे पैसे भरले होते त्यांचे काय? नियम होता, पैसे परत नाहीत. ओरड झाली. डिसेंबरमध्ये आयोजकांनी तीन वाटा दिल्या. पैसे परत घ्या. नाहीतर २०१३, २०१४ किंवा २०१५ च्या दौडीत नक्की जागा घ्या. नाहीतर २०१३ च्या अर्ध्या दौडीत धावा. पैसे परत देता आले, कारण आयोजकांनी रद्द होण्याचा विमा आधी उतरवला होता. पुढे २०१३ ची दौड करून आयएनजीचे नाव गेले आणि २०१४ पासून आपल्या मुंबईची टीसीएस त्या जागी आली. वादळामुळे आयएनजी गेली, असे आमचे म्हणणे नाही. प्रायोजक येतात आणि जातात, एवढेच. दौड त्या शहराची होती, म्हणून ती राहिली.

तिसरे उदाहरण दिल्लीचे, आणि ते शेतकऱ्याला झोंबणारे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीवर धुरके बसले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अर्धमॅरेथॉन १९ तारखेला होती. डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशनने सांगितले, अशा हवेत धावणे घातक आहे, पुढे ढकला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पण दौड ठरल्या दिवशी झाली. मुख्य प्रायोजक एअरटेलने जाहीर केले की या वर्षी आम्ही आहोत, पण सरकारांनी हवेसाठी काही केले नाही, तर पुढच्या वर्षी आमचे नाव राहणार नाही. वर्तमानपत्रांत वाहवा झाली.

पुढे काय झाले? २०१८ ची दौड महिनाभर आधी, २१ ऑक्टोबरला घेतली. नाव पुन्हा एअरटेलचेच. हवा बदलली नाही, तारीख बदलली. आणि दरवर्षी त्या धुराचे खापर पंजाब-हरियाणातल्या धानाच्या शेतकऱ्यावर फुटते. तो काडी जाळतो हे खरे. पण दोन पिकांच्या मध्ये त्याला किती दिवस मिळतात आणि काडी उचलण्याचा खर्च कोण देणार, हे बॅनरवाल्यांनी विचारले नाही. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रायोजकाच्या इशाऱ्यानंतर तारीख हलली. म्हणजे प्रायोजकाचा शब्द चालतो. तो कशासाठी वापरायचा, हे मात्र तोच ठरवतो.

तिन्हींचा सार असा. खेळ थांबायची वेळ आली की प्रायोजक तीनपैकी एक करतो. जमले तर खेळाबरोबर दुसरीकडे जातो. नाहीतर मदतनिधीला पैसे देऊन नाव राखतो. नाहीतर इशारा देतो आणि वाट बघतो. आमच्या गावात चौथेच झाले, तो पैसे मागून निघून गेला. तो वाईट म्हणून नव्हे. मोठ्या ठिकाणी करार असतो, विमा असतो, वर्तमानपत्रे असतात. आमच्याकडे यातले काहीच नव्हते.

आता कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ५६ प्रमाणे, करार झाल्यावर एखादी गोष्ट करणे अशक्य झाले तर तो करार सुटतो. कलम ६५ प्रमाणे, सुटलेल्या करारात ज्याने काही घेतले असेल, त्याने ते परत करायचे. म्हणजे २० हजार मागताना कंपनीला बोट ठेवायला कायदा होता. उलट काम नुसते अवघड झाले, महाग पडू लागले, एवढ्याने ते अशक्य झाले असे न्यायालये मानत नाहीत. आणि आपली अडचण इथेच आहे. पूर एका रात्रीत येतो, भूकंप क्षणात होतो, तिथे कोणी वाद घालत नाही. दुष्काळ पायापायाने येतो. कबड्डी घेणे अशक्य नव्हते. दोन टँकर विकत घेतले असते तर झाली असती. ती अशक्य नव्हती, अन्यायाची होती. कायद्याच्या पुस्तकात अन्यायाची स्पर्धा रद्द करण्याचे कलम नाही. ते आपल्याला आपल्या करारात लिहावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या कंपनीला दोन खिसे असतात. एक जाहिरातीचा, दुसरा सामाजिक जबाबदारीचा, ज्याला सीएसआर म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के या कामावर घालावे लागतात. जानेवारी २०२१ पासून नियमांत स्पष्ट आहे की आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व यात धरायचे नाही. पिण्याचे पाणी मात्र धरता येते. म्हणजे बॅनर पहिल्या खिशातला, टँकर दुसऱ्या खिशातला. गावात येणाऱ्या विक्री अधिकाऱ्याच्या हातात पहिलाच खिसा असतो. कबड्डीचे पैसे पाण्याला द्या, असे त्याला सांगितले तर तो इच्छा असूनही देऊ शकत नाही. पाण्याचे मागायचे असेल तर वरच्या ऑफिसला, वेगळा अर्ज, ग्रामसभेच्या ठरावासह, आणि वेळेवर. आम्ही चुकीच्या दारात उभे होतो.

मंडळी, अजून एक राहिले. त्याच स्पर्धेचे दुसरे बक्षीस जवळच्या एका जिनिंगवाल्याने कबूल केले होते, ११ हजार. तो आपणहून आला आणि म्हणाला, पोरांचे बक्षीस पाण्याला घाला. सगळ्यांना बरे वाटले. टँकर आला, त्यावर त्याच्या जिनिंगचा बॅनर. फोटो निघाले. त्या वर्षीच्या हंगामात गावाचा कापूस त्याच्याच फाटकात गेला. त्याने ओलाव्याच्या नावाने क्विंटलमागे कटती लावली. कोणी तोंड उघडले नाही. एक जण आम्हाला म्हणाला, "ज्याचं पाणी प्यालो, त्याच्या काट्याला नाव कसं ठेवायचं?"

म्हणून आम्ही म्हणतो, पैसे मागून निघून जाणारा प्रायोजक जसा महाग पडतो, तसा न मागता देणाराही पडू शकतो. एकाने पोराला कर्जात टाकले, दुसऱ्याने गावाची जीभ बांधली. दोघांनाही औषध एकच. सौदा आधी, उघड, आणि कागदावर.

हा कागद कसा असावा, ते आम्ही त्या गावच्या पोरांबरोबर बसून ठरवले. अर्ध्या पानात मावतो. लिहून घ्या.

एक. स्पर्धेच्या आधी सरकारने तालुक्यात दुष्काळ जाहीर केला, किंवा गावाला टँकर सुरू झाला, आणि ग्रामसभेने ठराव केला, तर स्पर्धा पुढे ढकलता किंवा रद्द करता येईल. हा करारभंग धरला जाणार नाही.

दोन. ठरलेल्या रकमेपैकी निम्मी आगाऊ, बँकेतून, मंडळाच्या खात्यावर. आगाऊ आली नाही तोवर मांडवाला इसार द्यायचा नाही आणि टी-शर्ट छापायचे नाहीत.

तीन. रद्द झाल्यास ठरावाच्या दिवसापर्यंत झालेला खर्च पावत्यांसह आगाऊ रकमेतून वजा होईल. प्रायोजकाचे नाव छापलेल्या वस्तूंचा खर्च पूर्ण प्रायोजकाचा.

चार. उरलेली रक्कम पुढच्या स्पर्धेसाठी जमा राहील आणि पहिला मान त्याच प्रायोजकाचा. त्याला पैसेच परत हवे असतील, तर उरलेले ३० दिवसांत परत.

पाच. पाण्यासाठी कोणी काही दिले तर ते ग्रामपंचायतीमार्फत, पावतीवर. टँकरवर, विहिरीवर, हौदावर बॅनर नाही. देणाऱ्याचे नाव ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल आणि इतिवृत्तात लिहिले जाईल.

सहा. प्रायोजकाचाच माल घ्यावा, असे कोणतेही बंधन गावावर नाही.

पाचव्या कलमावर खूप वाद झाला. काही म्हणाले, बॅनर नसेल तर कोणी दमडी देणार नाही. खरे असेल. पण मैदानावर बॅनर लावायला आपली ना नाही, तिथे खेळ चालतो आणि तो त्याचे पैसे मोजतो. हंड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोणाची जाहिरात वाचायला लावू नये, एवढेच आमचे म्हणणे. ज्या गावाला हे पटणार नाही त्याने कलम खोडावे, पण वाद घालून, ग्रामसभेत खोडावे.

याचा उपयोग होतो का? झालेले सांगतो. त्या गावाने फेब्रुवारी २०१९ ला पुन्हा कबड्डी ठरवली. या वेळी एका कृषिकेंद्राने ४० हजार कबूल केले. अर्धे पान वाचले, चौथ्या कलमावर घासाघीस केली, सही केली, २० हजार खात्यावर भरले. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला तालुका आला. नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेने स्पर्धा पुढे ढकलली. तोवर खर्च झाला होता पोस्टरचा, २ हजार. तो वजा करून १८ हजार खात्यात राहिले. दुकानदार नाराज होता, पण भांडला नाही, कारण भांडायला काही उरले नव्हते. फेब्रुवारी २०२० ला त्याच पैशांत भर घालून स्पर्धा झाली. आमचा तो जुना खजिनदार पोरगा मैदानाच्या कडेला गुणपत्रक लिहीत बसला होता.

त्याचे २६ हजार आणि परत केलेले २० हजार काही आले नाहीत. ते आमच्या "कागद कशाला" या दोन शब्दांची किंमत होती, आणि ती आम्ही भरली नाही, त्याने भरली. मोठ्या ओळखीचा माणूस गावासाठी शब्द टाकतो तेव्हा काय होते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो आहोत. आम्हालाही यापुढे विचारा, कागद कुठे आहे?

जत्रांचा हंगाम येतो आहे. तुमच्या गावात कुस्ती असेल, कबड्डी असेल, शंकरपट असेल. बॅनरवाले येतील. त्यांना हाकलू नका, चहा द्या. चहा झाला की हे अर्धे पान पुढे ठेवा.